सानिका कुणाच्या पायांवर?

लोक निवृत्त झाले की सांगतात, आम्ही पूल बांधले, बँका सांभाळल्या, पोरांना गणित शिकवलं. मी बंगळूरच्या अर्ध्या मल्लेश्वरमला शू-शी शिकवली. त्यातले काही जण आता टाय लावून मोठमोठ्या कचेऱ्यांत बसतात आणि रस्त्यात भेटले की 'हॅलो आंटी' म्हणतात. मी नुसती हसते. माझं हसू बघितलं की त्यांना एकदम कुठेतरी जायचं असल्याचं आठवतं.

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अक्का, पाळणाघराच्या आठवणी लिहा. पण दिवाळी आहे, लोक फराळ करता करता वाचतात, तेवढं सांभाळा हं." मला ते जमणार नाही. चकलीची ताटली बाजूला ठेवा आणि मगच पुढे वाचा.

आमचं घराणं शिंप्यांचं. माझ्या यजमानांचे पणजोबा साताऱ्याकडून कधीतरी बंगळूरला आले आणि पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, दुकान टाकून बसले. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण तिच्यात इतकं कन्नड मुरलंय की पुण्याहून आलेली माणसं ऐकताना ओठ दाबून हसतात. नव्वदच्या सुमाराला अशी पुण्यामुंबईची माणसं भराभर यायला लागली. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, बायको संशोधन संस्थेत, आणि घरात म्हातारं माणूस कोणी नाही. मूल ठेवायचं कुठे? तर अक्कांकडे. आमच्या घराला पुढे अंगण, अंगणात हौद, हौदाशेजारी उघडी मोरी. पाळणाघराला याहून जास्त काही लागत नाही. बाकी सगळं पाय आणि कान.

पाळणाघर दुधावर चालतं असं लोकांना वाटतं. ते मत्सरावर चालतं.

माझ्या अंगणात एक लांब दोरी होती. तिच्यावर दिवसभराचे लंगोट आणि चड्ड्या वाळत पडायच्या. प्रत्येक मुलाच्या कपड्यावर अण्णा (आमच्या यजमानांना सगळी गल्ली अण्णाच म्हणते) रंगीत दोऱ्याने एक खूण काढून द्यायचे. कुणाचा हत्ती, कुणाचा आंबा, कुणाची छत्री. ओळख पटावी, दुसऱ्याचं कापड दुसऱ्याला लागू नये, एवढाच हेतू. पण संध्याकाळी आया न्यायला यायच्या तेव्हा त्या आधी मुलाकडे बघायच्या नाहीत. दोरीकडे बघायच्या. दोरीवर हत्ती ओळीने लटकत असले की हत्तीच्या आईचा चेहरा पडायचा. आंब्याची एकच चड्डी असली की आंब्याची आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "आज एकदाच का हो, अक्का?" मग छत्रीची आई चपला घालता घालता म्हणायची, "आमचा पाणी भरपूर पितो ना, म्हणून." हे ऐकायला मला फार आवडायचं. मी मुद्दाम दोरी फाटकासमोर बांधली होती.

बाहेरच्यांसाठी थोडं विद्येचं सांगते. अगदी लहान बाळाला तिकोनी लंगोट. रांगायला लागलं की जाड दुपट्याचा. आणि चालायला लागलं, काही कळायला लागलं, की अण्णांची खास चड्डी. वरून साधी, आत मधोमध जुन्या धोतराच्या पदरावर पदर घालून शिवलेली पट्टी. एक शू त्यात जिरते, जमिनीवर तळं होत नाही, पण पोराला ओलं लागतं. ओलं लागणं हाच सगळा धडा. त्या काळात परदेशाहून येणारे लोक कागदी लंगोट आणायचे. त्यात पोराला काहीच लागत नाही. ढीगभर होऊन जातं आणि राजा आपला मजेत. बातमीच पोचली नाही तर माणूस सुधारणार कसा?

तर कापड, आणि त्याबरोबर वेळ. झोपून उठल्यावर, दुधानंतर, जेवणानंतर. अण्णा म्हणायचे, सगळं यश त्यांच्या पट्टीचं. मी म्हणायचे, पट्टी भिजते, सांगत नाही. सांगायला लावते ती मी. यावरून आमचं लग्न झाल्यापासून चाललंय.

आणि मुख्य गोष्ट, पाय. पाटावर बसायचं, पाय पुढे सोडायचे, टाचा जुळवायच्या, चवडे जरा फाकवायचे आणि पोराला आपल्याकडे पाठ करून पावलांवर बसवायचं. खाली मोरी. वर आपण, तोंडाने "शूऽऽ" करत. पोराचं तोंड पलीकडे असतं, त्यामुळे चेहरा दिसत नाही. मी मान वाचायचे. मान ताठ झाली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, की समजावं गाडी फलाटाला लागली. मग काही दिवसांनी पोर स्वतःच धावत येतं आणि ओरडतं, "अक्का, बंतु!" बंतु म्हणजे आली. पोर मराठी असो, तमिळ असो, मारवाडी असो, माझ्या अंगणात हे कन्नडमध्येच ओरडायचा रिवाज होता. पहिला 'बंतु' ज्या दिवशी येतो त्या दिवशी मी घरात गोड करायचे. आणि तो 'बंतु' मलाच ऐकू आला पाहिजे असा माझा हट्ट असायचा. आईला दुसरा.

आता सानिकाचं.

सानिका अडीच वर्षांची, गालावर खळी, डोक्यावर कारंजं. तिची खूण मासोळी. तिची आई मेधाताई संशोधन संस्थेत होत्या, कसल्या तरी धातूंना ताण देऊन ते कधी तुटतात ते बघायच्या. घरी आल्यावर तेच स्वतःवर करायच्या. कारण असं की माझ्याकडे दिवसभर दोरीवर मासोळी दिसायची नाही. सानिका उठायची, माझ्या पायांवर बसायची, काम करायची, "बंतु" म्हणून टाळ्या पिटायची. आणि घरी गेली की पलंगावर, सोफ्यावर, बाबांच्या फायलींवर.

"अक्का, तुम्ही तिला काय करता?" मेधाताईंनी एकदा फाटकातच विचारलं. आवाज गोड, डोळे नव्हेत.

"काही नाही हो. स्वल्प प्रेमाने घ्यायचं," मी म्हणाले.

हे मी अशा सुरात म्हणाले की त्यांना रात्रभर झोप लागू नये. लागलीही नसावी. दुसऱ्या दिवशी त्या मला अक्का न म्हणता 'अहो' म्हणाल्या.

मग सानिकाच्या बाबांनी परदेश दौऱ्यावरून प्लास्टिकचं बदक आणलं. त्याच्या पाठीत खड्डा, मुलाने त्यावर बसायचं. सानिकाने त्या बदकाला इडली भरवली, अंगाई म्हटली, त्याला स्वतःची चड्डी घातली आणि शेजारी उभी राहून जमिनीवर शू केली. मेधाताईंनी हे सांगितलं तेव्हा मी तोंडावर पदर घेतला. त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय.

आणि अशात पुण्याहून आजी आल्या, म्हणजे मेधाताईंच्या सासूबाई. ठेंगण्या, गोऱ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच दिवशी माझं अंगण बघायला आल्या, दोरीवरून नजर फिरवली, मोरीत वाकून पाहिलं.

"आमच्याकडे वर्षाच्या आत मुलं सांगायला लागतात," त्या म्हणाल्या.

"तिकडची हवा कोरडी ना, आजी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लगेच त्या आवडल्या. आपल्या तोडीचं माणूस भेटल्याचा आनंद निराळाच.

आजींनी घरी पाट मांडला, पाय सोडले, नातीला बसवलं. सानिका बसली, दोन्ही पावलांकडे वाकून बघितलं, उठली आणि निघून गेली. रोज हेच. मेधाताईंनीही तसंच करून पाहिलं. तिथेही वाकून बघणं, उठणं, जाणं. आणि मग गालिच्यावर कार्यक्रम. आजींचा ताठा दिवसेंदिवस वाढला आणि शेवटी त्यांनी निकाल दिला. रविवारी संध्याकाळच्या गाडीने त्या पुण्याला परतणार होत्या. सानिकाला बरोबर नेणार. वर्षभर तिथे राहील, सुधारेल, मग बघू. एवढ्या पोराला तिकीटही लागत नाही.

"दोघं शिकलेली, दोघं नोकरीवाली, आणि पोरीची मोरी होत नाही," त्या म्हणाल्या. "इथे राहून ती त्या बाईचीच व्हायची."

ती बाई म्हणजे मी. हे वाक्य मेधाताईंनी शुक्रवारी माझ्या ओसरीवर बसून मला सांगितलं आणि रडायला लागल्या. "वर्षभर, अक्का. परत येईल तेव्हा मला ओळखेल, पण माझी नसेल. आणि हे म्हणतात, आईचं मन मोडू नको."

मला आधी काय वाटलं ते लिहिते. 'त्या बाईचीच व्हायची' हे ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. मग लगेच कळलं की पोर पुण्याला गेली तर ती माझीही राहणार नाही. आजींची होईल. सानिका आजींच्या पायांवर बसून पेठेतल्या मोरीत "बंतु" म्हणतेय असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझा जीव जळला. आईने जिंकलेलं एक वेळ चाललं असतं. पण आजी?

"डोळे पुसा," मी म्हणाले. "त्या आतल्या दारामागे उभ्या राहा. पडद्यातून बघा मी काय करते ते. आवाज करू नका, पोर तुम्हाला बघून बिचकेल."

हे मी कधीच कुणाला करू दिलं नव्हतं.

सानिका झोपून उठली. मी पाटावर बसले, पाय सोडले, तिला बसवलं. नेहमीसारखं "शूऽऽ" सुरू केलं, नेहमीसारखी मान वाचली. मान ताठ, कान लाल, काम झालं, टाळ्या झाल्या. सानिका चिमण्यांमागे पळाली. मी विजयी मुद्रेने दाराकडे वळले.

मेधाताई पडद्याबाहेर आल्या, त्या माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होत्या.

"जोडवी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमची जोडवी, अक्का. ती पुढे वाकून दोन्ही हातांनी तुमची जोडवी गोल गोल फिरवते. फिरवता फिरवता होतं तिचं. फिरवणं थांबलं की संपलं. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. पोर पाठमोरं असतं, हात त्याच्या पुढे, मला कसे दिसणार? काहीतरी ओढल्यासारखं वाटायचं, मला वाटायचं तोल सावरतेय. इतकी वर्षं मी मानेचा अभ्यास केला, आवाजात चढ-उतार बसवले, आणि सानिकाच्या बाबतीत सगळी विद्या माझ्या पायाच्या बोटात होती. तीही माझ्या आईने लग्नात घातलेल्या चांदीच्या दोन वळ्यांत.

मी मेधाताईंच्या पायांकडे पाहिलं. स्वच्छ, मोकळे, नखं कापलेली. जोडवी नव्हती. आजींच्याही पायांत नव्हती, आजोबा गेल्यापासून. म्हणून ते वाकून बघणं.

"मला सासूबाईंनी दिली होती लग्नात," मेधाताई म्हणाल्या. "डब्यात आहेत. कामावर बूट घालावे लागतात, टोचतात. त्यावरून पाच वर्षं आमचं भांडण आहे. आता घातली तर वाटेल, हरले."

"मग नका घालू," मी म्हणाले. मनात म्हटलं, तुमचं ते तुमचं, आमचं ते आमचं.

"तुमची द्या ना एक दिवस."

"अहो! जोडवी कुणी उसनी देतं का? अण्णा अजून धडधाकट आहेत."

दुकानातून जेवायला आलेल्या अण्णांनी मान वर केली. "माझं नाव कशाला मध्ये?" आणि परत सारभातात गेले.

शनिवारी सकाळीच मेधाताई परत आल्या. हातात डबी, डोळे सुजलेले. रात्री जोडवी घातली होती. सासूबाई झोपल्यावर, मोजे वर चढवून. पहाटे सानिकाला पायांवर घेतलं. सानिका वाकली, जोडव्यांना हात लावला, ओढून बघितलं आणि निराश होऊन उठून गेली. "का, अक्का? चांदीच आहे, नक्षीही तशीच. का नाही झालं?"

मी डबी उघडली आणि मला एका क्षणात कळलं. नवी कोरी, बोटाला घट्ट बसणारी. माझी झिजून सैल झालेली, टिचकी मारली तरी फिरणारी. हिच्या पायात ती फिरतच नव्हती. पोरीला चांदी नको होती, फिरकी हवी होती.

डबी माझ्या हातात होती. नुसतं "काय की बाई" म्हटलं असतं तरी कुणाला समजलं नसतं. सानिका आतल्या खोलीत बाहुलीला माझ्या आवाजात "शूऽऽ" करत होती, अगदी माझा चढ-उतार घेऊन. मला तिच्या बाहुलीचाही हेवा वाटला. आणि मेधाताई माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी पोरं मोरीपर्यंत पोचता पोचता बघतात, की आता अक्का उचलेल तर बरं.

"अण्णा," मी हाक मारली, "तुमची बारीक पक्कड द्या. आणि मेधाताई, पाय इकडे करा. स्वल्प सैल करून देते."

सैल करताना मी पक्कड गरजेपेक्षा जरा जोरात ओढली. तेवढा माझा हक्क होता.

रविवारी दुपारी तिघी निरोप घ्यायला आल्या. सानिकाची छोटी पेटी रिक्षात होती, आजींनी ती खाली उतरवूच दिली नव्हती. मेधाताईंचा चेहरा पांढरा. आदल्या दिवसापासून आजींनी नातीला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं, पाट मांडायची संधीच मिळाली नव्हती. आजी ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या, मी कॉफी दिली.

"बंगळूरची कॉफी मात्र चांगली," त्या म्हणाल्या. 'मात्र'वर जोर.

आणि तेवढ्यात सानिका गप्प झाली. चिमण्या सोडून ती तुळशीमागे जाऊन उभी राहिली आणि शून्यात बघायला लागली. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना ही समाधी ठाऊक आहे. आजींनी कप खाली ठेवला. मेधाताई उभ्या राहिल्या. मी सवयीने पाट ओढला, बसले आणि मोरीवर पाय सोडले. खरंच सवयीने. म्हणजे, बहुतेक.

मेधाताईंनी माझ्यासमोर, मोरीच्या पलीकडे, हौदाच्या पायरीवर बैठक मारली. चपला उडवल्या, मोजे ओढून काढले. पाय सोडले.

दोन बैठका, पायांच्या दोन जोड्या, मधून मोरीचं पाणी. सानिका तुळशीमागून आली. माझ्या पायांकडे पाहिलं. ओळखीचं हसली. माझ्या अंगठ्यापासून पार छातीपर्यंत ऊब चढली. मग तिने पलीकडे पाहिलं. आईच्या पायांत चांदी चमकत होती. ती गेली, वाकली, एका बोटाने जोडव्याला टिचकी मारली. ते गर्रकन फिरलं.

सानिकाने आईकडे वर बघितलं, जणू आजच ओळख झाली. मग पाठ केली आणि बसली. तिची मान ताठ झाली. ती आता माझ्याकडे तोंड करून होती, त्यामुळे इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिचा त्या वेळचा चेहरा दिसला. भुवया आक्रसलेल्या, ओठांचा चंबू, आणि डोळ्यांत केवढा मोठा विचार. हा चेहरा माझ्या नशिबात पाठमोराच होता.

"आई, बंतु!"

मेधाताई हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी पाय हळूच ओढून घेतले आणि साडीखाली लपवले.

आजी खुर्चीतून उठून पुढे आल्या. त्या नातीकडे बघत नव्हत्या, सुनेच्या पायांकडे बघत होत्या. पाच वर्षांनी दिसलेली ती जोडवी. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला.

"घातलीस?"

"घातली, आई."

"कधीपासून?"

मेधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे.

"तुम्ही आलात तेव्हापासून मनात होतं," मेधाताई म्हणाल्या. धातूंना वाकवणाऱ्या बाईला माणूस वाकवता येणार नाही असं थोडंच आहे?

आजींनी नाक ओढलं, चष्मा चढवला आणि रिक्षावाल्याला हुकूम सोडला, "ती लहान पेटी खाली ठेव. पोरगी इथेच राहू दे, तिची आई आहे ना." मग जाता जाता माझ्याजवळ थांबून, हळू आवाजात पण भरपूर समाधानाने म्हणाल्या, "बघितलंत? आल्यापासून एक शब्द बोलले नाही, नुसतं वागून दाखवलं. सून आपोआप वळणावर आली."

"सरी, बरोबर आहे, आजी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मेधाताई सानिकाला कडेवर घेऊन फाटकातून जाताना रस्त्यात भेटलेल्या छत्रीच्या आईला सांगत होत्या, "काही नाही हो, स्वल्प प्रेमाने घ्यायचं." माझं वाक्य, माझ्याच सुरात. आणि अण्णा ओसरीवरून म्हणाले, "शेवटी पट्टीमुळेच. पोरीला ओलं कळायला लागलं म्हणून."

असं श्रेय तिघांनी वाटून घेतलं आणि जो तो आपल्या वाटेने गेला. मागे मोरीत जे उरलं होतं, त्यावर मी तांब्याभर पाणी ओतलं.